डागाशेजारचं गोंदण

डॉक्टर त्र्यंबक गुप्त्यांची एक सवय सबंध ठाण्याला पाठ होती. पेशंट समोर बसला की जीभ, डोळे, नाडी हे सगळं यथासांग व्हायचंच. पण तो कोपरीचा किंवा कळव्याचा आगरी असला, तर त्याच्या अंगावरच्या एखाद्या फिक्या चकत्यावर बोट ठेवून डॉक्टर आधी विचारायचे, "हा डाग कोणाचा?" पेशंट म्हणायचा, "गंगुबायचा." की संपलं. डॉक्टर पुढच्या दुखण्याकडे वळायचे.

आता ही गंगुबाई म्हणजे कोणी सुईण नव्हे की वैदीण नव्हे. कोपरीतली एक म्हातारी. तान्ह्या पोराचं पोट फुगलं, दूध उलटायला लागलं, आकडी आली, की पोर तिच्याकडे न्यायचं. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची आणि पोटावर नाहीतर हातावर टेकवायची. याला म्हणायचं डाग देणं. तिच्याआधी हे काम तिची सासू करायची. कोपरीत डाग नसलेलं एक अंग दाखवा आणि माझ्याकडून बक्षीस घेऊन जा, असं डॉक्टरांचा कंपाउंडर परशुराम म्हणायचा, आणि त्याचं बक्षीस कधी खर्ची पडलं नाही. डॉक्टरांनी या प्रकारावर तीस वर्षं तोंड वाजवलं. पालथ्या घड्यावर पाणी. पोर जगलं तर गंगुबाईचं नाव आणि मेलं तर देवाची मर्जी, असा तिथला हिशोब होता, आणि त्यात डॉक्टरला जागाच नव्हती.

एरवी डॉक्टरांच्या शब्दाला टेंभी नाक्यापासून कळव्याच्या पुलापर्यंत वजन होतं. मुंबईचे डॉक्टर रक्ताचा थेंब काचेखाली घालून जे सांगतात ते हा माणूस खालची पापणी ओढून सांगतो, असं लोक म्हणत. कावीळ ओळखायची तर ते पेशंटला दाराशी उन्हात बसवत, कारण कंदिलाच्या उजेडात पिवळं दिसत नाही. बाई असली तर आधी तोंडाची हळद धुऊन यायला लावत. ताप आला म्हणून कोणी आलं की किती आला हे न विचारता, थंडी वाजून आला का, कोणत्या वेळी आला आणि एक दिवस आड येतो का, हे विचारत, आणि निम्म्या वेळा तिथेच हिवताप ठरून जाई. माणसाला नीट विचारलं तर तो आपला रोग स्वतःच सांगतो, असं त्यांचं मत होतं. मत चांगलं होतं. पण त्यात एक खड्डा होता, आणि त्यात ते स्वतःच पडले.

डागाचा तो प्रश्न त्यांच्या तोंडी बसला त्यामागे एक गोष्ट होती. ती डॉक्टर कोणाला सांगत नसत आणि ज्यांना ठाऊक होती ते मान राखून गप्प बसत.

सन तेवीसची गोष्ट. डॉक्टरांची पाटी नुकतीच लागलेली, वय सत्तावीस. कोपरीच्या मिठागरात काम करणारा काळुराम नावाचा बावीस वर्षांचा गडी पाय कापला म्हणून आला. पायाला पट्टी बांधताना डॉक्टरांना त्याच्या उजव्या हातावर रुपयाएवढा फिका चट्टा दिसला. त्यावर केस नव्हते. टाचणी लावली, कळली नाही. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली, आणि टेबलाच्या पलीकडून त्याला सांगितलं, "महारोग आहे. घरच्यांपासून वेगळं राहावं लागेल."

काळुराम लंगडत घरी पोचायच्या आत तो शब्द कोपरीत पोचला. भावकीनं त्याला मिठागराच्या राखणीच्या झोपडीत नेऊन ठेवलं. भाकरी बांधावर ठेवून माणसं लांब उभी राहत. त्याची बायको तुळसा, लग्नाला वर्ष झालेलं, तिचे भाऊ उरणहून आले आणि तिला घेऊन गेले. दीड वर्षानं मिठागराच्या मुकादमानं त्याला मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं काळुरामचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं चट्टा चोळला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाला, हा तर भाजल्याचा वण आहे, लहानपणी कोणी डागलं होतं का? काळुराम मोकळा झाला. पण तोवर तुळसेच्या भावांनी तिचा दुसरीकडे पाट लावून दिला होता, आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली होती.

मुंबईहून आल्यावर काळुराम दवाखान्याच्या पायऱ्यांशी उभा राहिला. "दागतर, भाजलेला हाय," एवढंच बोलला आणि निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. पुढे त्यानं बायजाशी लग्न केलं, पोरं झाली, ती पोरं बायजा दवाखान्यात आणू लागली. काळुराम मात्र तीस वर्षांत ती पायरी चढला नाही. आणि डॉक्टरांनी त्या दिवसापासून नेम धरला, की डाग आहे का हे आधी विचारायचं आणि हो म्हटलं की विश्वास ठेवायचा.

त्रेपन्न सालच्या चैत्रात एका सकाळी बायजा आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आली. सगुणा एकोणीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी कळव्याला दिलेली. जत्रेसाठी चार दिवस माहेरी आली होती. डाव्या हाताच्या करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर भाजल्याचे मोठे फोड होते.

"काय गं, कशानं भाजलं?"

"तव्यानं," सगुणा हसली. "कवा भाजला तो मना कललाच नाय. फोर आयला तवा बगला."

बायजा कौतुकानं म्हणाली, "हिची सासू आख्ख्या कलव्याला सांगते, सुनेचा हात लोखंडाचा हाय. तव्यावरची भाकर हातानंच पलटते, उलथना लागत नाय."

परशुराम हसला. डॉक्टर हसले नाहीत. चाळीस पेशंटांत एखादाच असं वाक्य बोलतो की पुढचं काही विचारायला नको. त्यांनी सगुणाचा हात टेबलावर घेतला. करंगळी किंचित आत वळलेली होती. "सरळ कर बघू." ती जेमतेम सरळ झाली आणि परत वळली. त्यांनी बांगड्या वर सरकवल्या. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला, तळहाताएवढा फिका, कोरडा चट्टा होता.

त्यांच्या तोंडून सवयीनं प्रश्न गेला, आणि बायजानं सवयीनंच उत्तर दिलं, "गंगुबायचा. सा महिन्यांची व्हती तवा दिलेला."

ते उत्तर ऐकताना डॉक्टरांना आठवलं. हाच हात, हाच प्रश्न, हेच उत्तर. तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या आधी, सगुणा हिवतापानं फणफणून आली होती. तेव्हाही त्यांनी चकत्यावर बोट ठेवलं होतं, विचारलं होतं, आणि कोयनेलची पुडी देऊन घरी पाठवलं होतं. तेव्हा तो चार आण्याच्या नाण्याहून जरा मोठा होता. भाजल्याचा वण तीन वर्षांत तळहाताएवढा होत नाही, हे सांगायला मुंबईचा मोठा डॉक्टर लागत नाही.

त्यांनी सगुणाला डोळे मिटायला सांगितलं. आधी पिसानं स्पर्श केला, मग टाचणीनं, मग एका नळीत गरम आणि एकीत गार पाणी घेऊन त्या आळीपाळीनं लावल्या. चट्ट्याबाहेर तिनं प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. चट्ट्यावर तिला गरमही कळलं नाही आणि गारही नाही. शेवटी त्यांनी तिचं कोपर वाकवलं आणि मागच्या खोबणीत बोट घातलं. तिथे एक नस असते, सगळ्यांनाच असते, आणि ती बोटाखाली पटकन सापडत नाही. सगुणाची सापडली. बोरूएवढी जाड होती आणि दाबल्यावर ती कळवळली.

डॉक्टरांनी तिचा हात हळूच टेबलावर ठेवला. भीती वाटली आणि लाज वाटली, लाज जास्त. ज्या घरात त्यांनी नसलेला रोग सांगितला, त्याच घरातला असलेला रोग त्यांनी तीन वर्षं बघितला नव्हता. डाग खराच होता. पण त्या डागाच्या आडोशाला रोग येऊन बसला, आणि आडोसा डॉक्टरांनी स्वतः राखला.

"पोर परत कधी जाणार कळव्याला?"

"उंद्या राघो येतोय न्यायाला," बायजा म्हणाली. राघो म्हणजे जावई. "मीठ काढायाचे दिस हायेत, सासू थांबू देत नाय. आता पावसालाच म्हायेरी धारील."

फोडांना मलम लावून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. "दुपारी मी कोपरीला येतो," म्हणाले. "काळुरामला घरी राहायला सांग." बायजाच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यानं गेलं. डॉक्टर काळुरामला भेटायला येतात म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

परशुरामानं सगळं पाहिलं होतं. तो माणूस खलबत्त्यात औषधं कुटता कुटता अर्धा डॉक्टर झाला होता. म्हणाला, "चिठ्ठी द्या आणि मुंबईला पाठवा. जे काय सांगायचं ते तिथले सांगतील. त्या घरात तो शब्द आपण दुसऱ्यांदा कशाला काढायचा?"

सल्ला शहाणपणाचा होता आणि डॉक्टरांना तो क्षणभर फार गोड लागला. पण नुसती चिठ्ठी घेऊन ती माणसं मुंबईला गेली नसती. सगुणा कळव्याला परत गेली असती, पावसापर्यंत तिनं त्याच बोटांनी भाकरी पलटल्या असत्या, आणि पावसापर्यंत ती बोटं आकड्यासारखी वळून बसली असती. चारपाच वर्षांपूर्वी या रोगावर गोळ्या निघाल्या होत्या. नस मेली नाही तोवर सुरू केल्या तर हात वाचतो, हे डॉक्टरांनी वाचलं होतं आणि दोघातिघांत पाहिलंही होतं. पण त्या वर्षानुवर्षं खाव्या लागतात, एकही आठवडा न चुकवता. रोगाचं नाव न सांगता कोणाला चार वर्षं गोळ्या खायला लावता येत नाहीत. नाव सांगायला हवं होतं, आणि त्या घरानं ते खरं मानायला हवं होतं. ते कसं मानतील, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

दुपारी रूळ ओलांडून ते कोपरीत गेले. काळुराम पडवीत मीठ ओढायच्या फावड्याला नवा दांडा बसवत होता. बावन्न वर्षांचा माणूस, पायांची कातडी खाऱ्या पाण्यानं पांढरी पडलेली. त्यानं उठून घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा दांड्याशी जाऊन बसला. बायजा दारात होती. सगुणा तिच्या मागे.

डॉक्टर पाणी प्यायले. मग म्हणाले, "काळुराम, सगुणाच्या हातावर आहे तो नुसता गंगुबाईचा डाग नाही."

"मंग काय हाय?"

डॉक्टरांनी शब्द सांगितला. हळू आवाजात सांगितला, पण आडपडदा ठेवला नाही.

काळुराम दांडा ठोकत राहिला. बायजा म्हणाली, "डागच हाय. मीच धरलेली तिना मांडीवर. गंगुबायनं तापलेला इला टेकवला तो माज्या डोल्यांनी बगला मी."

"डाग होता, बायजा. तू खोटं बोलत नाहीस. पण त्याच्या बाजूनं दुसरं वाढलंय."

काळुरामनं ठोकणं थांबवलं. "तुमी मना बी ह्योच शब्द बोललेलाव."

"बोललो होतो. आणि चुकलो होतो. आणि तीस वर्षांत इथे येऊन ते बोललो नाही, तेही चुकलंच." हे वाक्य डॉक्टरांनी येताना रुळांपासून कोपरीपर्यंत मनात घोळवलं होतं. बोलून झाल्यावर ते त्यांना फार लहान वाटलं. "तीन वर्षांपूर्वी पोरीला ताप आला तेव्हा हा चट्टा मी बघितला होता. नीट तपासायला हवा होता. डाग म्हणाली, मी डाग म्हणून सोडला. तुझ्या वेळी घाई केली, तिच्या वेळी आळस केला."

"मंग आता तरी नाय चुकत, ते कशावरून?"

प्रश्नात राग नव्हता. मीठ घेणारा चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघतो तसा तो विचारलेला होता. डॉक्टरांकडे नस होती, टाचणी होती, नळ्या होत्या, पण टाचणीचा पुरावा या माणसाला एकदा दाखवून झाला होता आणि तो खोटा निघाला होता. डाग असो की रोग असो, टाचणी दोन्हीवर कळत नाही. त्यांनी सगुणाला पुढे बोलावलं, घोंगडीवर आपल्याशेजारी बसवलं आणि तिचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. आणि तेव्हा, पडवीतल्या उन्हात, सकाळपासून समोर असलेली गोष्ट त्यांना दिसली.

चट्ट्याच्या आत गोंदण होतं. हिरव्या ठिपक्यांचं तुळशीवृंदावन.

"बायजा, हे गोंदण कधी काढलं?"

"बारा वर्सांची व्हती. जत्रेत."

"डागावरच का काढलं?"

"डागावर कोन कारील?" बायजा जवळजवळ चिडली. डॉक्टरला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "जलल्या कातरीत साई धरत नाय. गोंदनारीन डागाला हातच लावत नाय. तिनं डाग बगला आन बोल्ली, दोन बोटां सोरून काडते. दोन बोटां सोरूनच काडला."

"म्हणजे इथली कातडी तेव्हा चांगली होती."

"चांगलीच व्हती."

"रडली का सगुणा?"

"रडली?" बायजाच्या तोंडावर तशाही वेळी थोडं हसू आलं. "सारी जत्रा गोला केली हिनं. माजा लुगरा दातानं फारला. दोगींनी धरली तवा तुलस पुरी झाली."

डॉक्टरांनी खिशातून टाचणी काढली. स्वतः वापरली नाही, बायजाच्या हातात दिली. "सगुणा, डोळे मीट आणि तोंड तिकडे कर. बायजा, ज्या ठिपक्यांना ती रडली, त्यांनाच टोच. एकेक करून. मी हात लावत नाही."

बायजा खाली बसली. तिनं पहिल्या ठिपक्यावर टाचणी हलकेच टेकवली. मग दुसऱ्यावर जरा दाबून. तिसऱ्यावर टाचणीचं टोक आत गेलं आणि रक्ताचा बारीक थेंब आला. चौथ्यावर आला. पाचव्यावर आला.

सगुणा डोळे मिटून, ओठ आवळून बसली होती. थोडा वेळ वाट बघून म्हणाली, "आये, टोच ना."

बायजाच्या हातातली टाचणी घोंगडीवर पडली.  तिनं पदरानं पोरीच्या हातावरचं रक्त टिपलं, परत टिपलं, रक्त राहिलं नव्हतं तरी टिपत राहिली. सगुणानं डोळे उघडले, आपल्या हाताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

काळुराम मात्र टाचणीकडे बघत नव्हता. तो डॉक्टरांच्या मांडीकडे बघत होता. तिथे सगुणाचा हात अजून होता आणि त्यावर डॉक्टरांचा हात होता.

"तवा तुमी माजा हात नव्हता धरला," तो म्हणाला.

"नाही."

"खुर्ची मांगं सारलेली. टेबलाच्या पलीकरनं बोललेलाव."

"हो. भ्यालो होतो."

"आज धरलाव." काळुराम उठला, फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. "सांगा, काय करायाचा ते."

डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या, किती आणि कशा. हाताला चटका लागू द्यायचा नाही, रोज रात्री उजेडात बोटं बघायची, कोमट तेल लावून बोटं सरळ करायची. एकदा मुंबईला दाखवायचं, ते स्वतः बरोबर येतील. हात वाचेल का, असं सगुणानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बोटं वाचतील असं मला वाटतं. गेलेलं कळणं परत येईलच असं सांगत नाही." खोटा धीर द्यायची त्यांची त्या घरात हिंमत नव्हती.

मग काळुराम म्हणाला, "राघोला सांगू नका. मी सांगतो, परली, हात मोरलाय. ऱ्हाऊ दे पोर हितंच चार महिने."

"आणि त्याच्यापुढे?" डॉक्टर म्हणाले. "चार वर्षांच्या गोळ्या आहेत. आणि त्यालाही तपासायला हवं."

"तुलसा जेली ती आयली नाय," काळुराम म्हणाला. पहिल्या बायकोचं ते नाव बायजासमोर त्यानं कधी घेतलं नव्हतं. 

सगुणाच बोलली. "बा, मी सांगतंय त्याना. सासू बोलते लोखंडाचा हात. मी हसतंय. किती दिस हसू?"

दुसऱ्या दिवशी राघो आला. चोवीस वर्षांचा, उंच, अबोल पोरगा, कळव्याच्या मिठागरात बापाबरोबर काम करणारा. सगुणानं पडवीत उभं राहून त्याला सगळं सांगितलं, नावासकट. डॉक्टर बाजूला होते, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. राघोनं तिच्या हाताकडे पाहिलं. त्यानं आपले हात पाठीमागे बांधले, आणि ते बांधले गेलेत हे त्याचं त्याला कळलं नसावं. डॉक्टरांनी त्याला तपासलं, अंगावर काही नव्हतं. "आयेला इचारतो," तो म्हणाला आणि कळव्याच्या पुलाकडे चालू लागला. काळुराम त्याच्या मागे नाक्यापर्यंत गेला. तिथे उभं राहून, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

आठव्या दिवशी सगुणाची पेटी आली. राघोच्या भावानं ती कुंपणाबाहेर ठेवली आणि हाक न मारता गेला. कपडे होते, लग्नातली चार भांडी होती, आणि वर तिचा भाकरीचा तवा होता.

गोळ्या मात्र चुकल्या नाहीत. दर पंधरवड्याला काळुराम स्वतः यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा पायऱ्यांशी थांबला, आणि परशुरामानं खिडकीतून पुडी द्यायला हात बाहेर काढला, तर त्यानं ती घेतली नाही. पायऱ्या चढून आत आला, बाकावर बसला आणि नंबर लागल्यावर डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनीही आपला नेम बदलला. डाग कोणाचा हे ते अजून विचारत, पण उत्तर ऐकून थांबत नसत. हात मांडीवर घेत, कोपराच्या खोबणीत बोट घालत, आणि बाई असली तर गोंदण कधी काढलं हेही विचारत. त्यातून कळव्याचे दोन आणि कोपरीचा एक, असे तिघे वेळेवर सापडले. त्यातल्या एकाचं बिऱ्हाडसुद्धा टिकलं.

राघो पावसाळ्यात एकदा आला होता. कुंपणापलीकडे उभा राहून त्यानं सगुणाला विचारलं, "हात कसा हाय?" ती म्हणाली, "बरा हाय." तो आला तसा पुलाकडे वळला. पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न झालं.

पंचावन्नच्या चैत्रात काळुराम सगुणाला घेऊन दवाखान्यात आला. दोन वर्षं पुरी झाली होती. डॉक्टरांनी तिचा हात मांडीवर घेतला. करंगळी जराशी वळलेली होती तेवढीच होती, दुसरी बोटं सरळ होती. चट्ट्याची कड मिटत चालली होती. खोबणीतली नस बारीक झाली होती. "हात राहिला," डॉक्टर म्हणाले.

काळुराम भिंतीशी उभा होता. "दागतर, एक बोलू? तुमी खोटा बोललाव तवा माजा घर जेला. तुमी खरा बोललाव तवा हिचा घर जेला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. 

"पन ह्या टायमाला हात ऱ्हायला," काळुराम म्हणाला. "माज्या टायमाला कायच नव्हता ऱ्हायला. म्हनून येतंय मी. नायतर आलो नसतो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, टाचणी घेतली आणि सगुणाला डोळे मिटायला सांगितलं. पहिल्या ठिपक्यावर टोचलं. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. ती शांत बसली होती, तिला आता कसली घाई नव्हती. सगळी तुळस संपत आली. वृंदावनाच्या पायाशी, डागापासून सगळ्यात लांब, एक शेवटचा ठिपका होता. त्याच्यावर टाचणी टेकली तशी सगुणाचा हात डॉक्टरांच्या मांडीवरून झटकन मागे गेला.

"लागला," ती म्हणाली. तिनं डोळे उघडले आणि तो हात पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला. "परत टोचा, दागतर."